घरचा सर्व्हर : चंद्रपूर-गडचिरोलीत पैसा नेमका कशावर जातो?

घरी स्वतःचा सर्व्हर ठेवायचा तर किती पडेल, ही चौकशी आता पुण्या-नागपूरपुरती राहिलेली नाही. ताडोबाच्या वाटेवर होमस्टे चालवणाऱ्याकडे पाहुण्यांच्या नोंदी आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठत जातं. वन्यजीव छायाचित्रकाराचं कार्ड दोन सफारींत भरतं. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला बांबू-तेंदूचा हिशेब, नकाशे आणि ठराव जपायचे असतात. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, म्हणजे अशा दप्तरांचं वयही आता दीड दशकाच्या पुढे गेलं. आणि घरोघरी लग्नाचे, बारशाचे फोटो आहेतच, जे सध्या कुणाच्या तरी जुन्या मोबाइलच्या भरवशावर पडून आहेत.

सर्व्हर हा शब्द भारदस्त असला तरी वस्तू साधी आहे. चोवीस तास चालू राहणारा एक लहान संगणक, त्यात आपल्या फायली, आणि त्या आपल्याच फोनवर, लॅपटॉपवर हव्या तेव्हा मिळण्याची सोय. फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमा-गाण्यांसाठी जेलिफिन असे चांगले प्रोग्रॅम फुकट मिळतात. खर्च लागतो तो दुसरीकडे.

आकडा आधीच सांगतो. दोन टेराबाइट साठवण असलेला, नीट बसवलेला घरगुती सर्व्हर सुरुवातीला ३० ते ३५ हजारांत उभा राहतो आणि पुढे वीज-बॅटरीचे वर्षाला साधारण दोन हजार खातो. इंटरनेटचं बिल वेगळं, ते तसंही भरताच. या तीस-पस्तीस हजारांत खुद्द संगणकाचा वाटा जेमतेम तिसरा. बाकीचे पैसे वीज सांभाळण्यावर आणि दुसऱ्या प्रतीवर जातात, आणि आपल्याकडचे लोक नेमके तिथेच हात आखडतात. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरवर मात्र एक रुपयाही लागत नाही, फक्त लक्ष लागतं. (इथले सगळे भाव अंदाजाचे आहेत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी महागल्या आहेत, तेव्हा घेण्याच्या दिवशी पुन्हा विचारा.)

जुना डेस्कटॉप फुकट पडत नाही

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढून सर्व्हर करावा, हा पहिला विचार सगळ्यांना येतो. हिशेब करून बघा. असा डेस्कटॉप रिकामा बसला तरी ७० वॉटच्या आसपास ओढतो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला ५० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर पायरी बदलते, त्यामुळे ही ५० युनिटं तुमच्या बिलाच्या वरच्या टोकाला, महाग दराने बसतात. वहन आकार, शुल्क सगळं धरून युनिटला १२ रुपये मानले तर महिन्याला ६००, वर्षाला सात हजारांवर.

त्याऐवजी ऑफिसांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा मिनी पीसी घ्यावा. डेल, लेनोवो, एचपी या तिघांचेही पुस्तकाएवढे छोटे संगणक मिळतात. सहाव्या ते आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा संच ९ ते १४ हजारांत मिळतो. तो सरासरी १२ वॉट खातो, म्हणजे महिन्याला नऊ युनिटांच्या आत, शंभर रुपयांच्या घरात. जुन्या डेस्कटॉपच्या तुलनेत वर्षाला सहा हजार वाचतात. दोन-अडीच वर्षांत यंत्राची किंमत वसूल होते.

रास्पबेरी पायचं नाव खूप ऐकू येतं. वीज तो आणखी कमी खातो हे खरं, पण बोर्ड, पेटी, पंखा आणि त्याचाच खास ५ अँपिअरचा अडॅप्टर धरला की तोही मिनी पीसीच्या भावाजवळ जातो. शिवाय तो मेमरी कार्डावर चालवला तर वारंवार वीज जाणाऱ्या गावात ते कार्ड फार दिवस टिकत नाही. ज्यांना खटाटोपाची हौस आहे त्यांनी पाय घ्यावा, घरच्यांना फोटो दिसावेत एवढंच हवं असेल तर मिनी पीसी.

खरेदी नागपूरच्या सीताबर्डीतून करा किंवा ऑनलाइन, एक गोष्ट तपासून घ्या: वॉरंटीत यंत्र कुठे न्यावं लागणार? चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडं जास्त, आणि सिरोंचावाल्याला तर हैदराबादचाही विचार करावा लागतो. हजार रुपये स्वस्त मिळालेलं यंत्र दोनदा कुरिअर केलं की महाग पडतं.

वीज, ऊन आणि कोळशाची धूळ

२,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र ज्या चंद्रपूर शहराच्या उशाशी आहे, तिथेही लाइन जायची ती जातेच. गडचिरोलीच्या आतल्या भागात, वाऱ्यानं झाड तारेवर पडलं की कधी परत येईल याचा नेम नाही. वीज जाण्यानं सर्व्हरचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते लिहीत असताना अचानक जाण्यानं, आणि परत येताना चुकीच्या दाबानं येण्यानं.

६०० व्हीएचा साधा यूपीएस तीन ते चार हजारांना मिळतो. मिनी पीसी आणि राउटर मिळून २५ वॉटच लागत असल्यानं नव्या बॅटरीवर तासभराच्या आसपास निघतो. पण त्यातली शिसं-आम्लाची बॅटरी उष्णतेला नाजूक. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा बॅटरीवाल्यांचा जुना आडाखा आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४६-४७ च्या पुढे जातो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. तेव्हा डब्यावर काहीही लिहिलेलं असो, दर दोन वर्षांनी बॅटरीचे हजार-बाराशे बाजूला ठेवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर यूपीएसचे पैसे वाचू शकतात. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: एका बाजूला इको किंवा नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. इकोवर वीज बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ‘लाइट गेली की सर्व्हर रिस्टार्ट होतो’ या तक्रारीचं औषध पुष्कळदा हे बटण सरकवणं एवढंच असतं. मात्र जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागे यूपीएस जोडू नका. यूपीएस ती वीज मानत नाही, टकटक करत राहतो आणि स्वतःची बॅटरी संपवतो.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बाराशे ते दोन हजारांना मिळतो. घ्याच.

दाबाचं प्रकरण जास्त गंभीर. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात, तेही मिनिटभर नव्हे, वायरमन येईपर्यंत. सर्ज प्रोटेक्टर म्हणून मिळणारी सात-आठशेची पट्टी क्षणाचा झटका थोपवते, असा टिकून राहिलेला दाब नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात बसणारा जास्त-कमी दाबाचा संरक्षक लागतो. पाचशे ते बाराशे रुपये, बसवण्याची मजुरी वेगळी. अख्ख्या घराची उपकरणं त्यात वाचतात, म्हणून हा खर्च मी सर्व्हरच्या नावावर पूर्ण धरतही नाही. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या. ते नसेल तर सर्ज प्रोटेक्टरला झटका टाकायला जागाच उरत नाही.

मृगाच्या आधीचे आणि परतीचे पाऊस पूर्व विदर्भात विजांचा कडकडाट घेऊन येतात. फायबर काचेचा असल्यानं तो वीज वाहत नाही, हे खरं. पण खांबावरून घरात येणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये आधाराला पोलादी तार असते. ती तार तशीच डब्यापर्यंत आणून गुंडाळून ठेवलेली दिसली तर फायबरवाल्याला सांगून घराबाहेरच तोडून घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. जवळ वीज पडण्याचा इशारा आला की सर्व्हर रीतसर बंद करून प्लग काढणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीचं.

जागा कुठली? कूलर ज्या खोलीत आहे तिथे ठेवावा, असं वाटतं. थंड असतं खरं, पण कूलरच्या समोर, ओल्या झोतात नको. त्याच खोलीत, कोपऱ्यात, जमिनीपासून दोन-तीन फूट वर. इरई किंवा वर्धेच्या पुराचं पाणी घरात आलेलं असेल तर त्या खुणेच्याही वर. बंद कपाटात मुळीच नको. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर भागात आतला पंखा दर तीन महिन्यांनी उघडून बघावा. साधी धूळ फुंकर मारली की उडते. कोळशाची भुकटी पात्यांवर काळा थर धरते आणि ब्रशनेच निघते. ब्रश चाळीस रुपयांचा. पाल आणि मुंग्या अडॅप्टरच्या ऊबेला येतात, त्यासाठी फटी असलेला स्वस्त अडॅप्टर टाळा.

बंद पडला तर : आधी काय बघायचं

सर्व्हर ‘चालत नाही’ म्हटलं की लोक थेट सॉफ्टवेअर उघडून बसतात. उलट क्रमानं जा.

दिवे बघा. यंत्राचा दिवा नसेल तर प्रश्न विजेचा. वीज आली आणि तरी यंत्र आपोआप सुरू झालं नाही, तर बायोसमध्ये ‘वीज गेल्यानंतर काय’ अशा अर्थाची एक सेटिंग असते, ती ‘पॉवर ऑन’वर हवी. ती केली होती आणि तरी पुन्हा जैसे थे? मग मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपलेला आहे. ऑफिसातून आलेल्या जुन्या यंत्रांत हा सेल बहुधा मेलेलाच असतो. यूपीएस पूर्ण उतरला की बायोस सगळं विसरतो, तारीखही कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं अमान्य ठरतात, लॉगिनचे सहा आकडी कोड जुळत नाहीत, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानात तीस ते पन्नास रुपयांना मिळतो. नवं-जुनं यंत्र घरी आलं की पहिल्याच दिवशी बदलून टाका.

दिवा आहे, तर पुढचा प्रश्न: घरातल्या घरात चालतं का? फोनचा मोबाइल डेटा बंद करा, घरच्या वायफायवर या आणि सर्व्हरचा घरगुती पत्ता टाका, जो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. उघडलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, बिघाड बाहेरच्या जोडणीत आहे. नाही उघडलं तर राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरला कोणता पत्ता मिळालाय ते बघा. वीज जाऊन आली की राउटर पत्ते नव्यानं वाटतो आणि तुमचा सर्व्हर काल १० क्रमांकावर होता तो आज १४ वर गेलेला असतो. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास संपला. याला पैसे लागत नाहीत.

घरात चालतं, बाहेरून चालत नाही, असं असेल तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता वाचा. तो १० नं किंवा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुमच्या कंपनीनं एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा जोडणीत राउटरचं कितीही दार उघडलं तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. लोक इथे वैतागून स्थिर पत्त्यासाठी महिन्याला जादा पैसे भरायला तयार होतात. थांबा, ते पैसे वाचतात. कसे ते पुढे येतं.

यंत्र चालू आहे, पत्ता बरोबर आहे, पण फोटो चढत नाहीत, पान अर्धवट उघडतं, कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम उठत नाही. अशा वेळी डिस्क भरलेली असण्याची शक्यता सर्वात मोठी. लिनक्समध्ये ‘डीएफ’ ही आज्ञा दिली की कुठली डिस्क किती टक्के भरली ते दिसतं. ९५ च्या पुढे आकडा असेल तर कारण तिथेच आहे. घरच्या सर्व्हरवर बहुतेक प्रोग्रॅम डॉकरमध्ये चालतात. डॉकर जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो आणि नोंदवह्या न थांबता लिहीत राहतो. जुन्या प्रतिमा साफ करणारी त्याची ‘प्रून’ आज्ञा चांगली आहे, पण तिला ‘व्हॉल्यूम’ही उडवायला सांगू नका. बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा डेटा त्यात जाऊ शकतो. आधी जागा करा, मग यंत्र पुन्हा सुरू करा. उलटं केलं तर डेटाबेस उठतच नाही.

डिस्क खरोखर मरायला टेकली आहे का, हे ‘स्मार्टसीटीएल’ सांगतं. त्या लांबलचक यादीत ‘रिअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ या दोनच ओळी बघा. शून्य असेल तर निवांत. आकडा आठवड्या-आठवड्यानं वाढत असेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता त्याच दिवशी नवी डिस्क मागवा. दोन टेराबाइटची बाहेरची डिस्क सहा ते आठ हजारांना पडते. मेलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे मोठ्या शहरांत आहेत, त्यांचा हिशेब हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत सुरू होतो आणि हमी कुणी देत नाही.

उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच यंत्र मंदावतं आणि रात्री सुधारतं? मग तापमान. प्रोसेसर फार तापला की स्वतःला हळू करतो, तो बिघाड नाही. फोटो ओळखण्याची, सिनेमाचं स्वरूप बदलण्याची जड कामं रात्री दोननंतर लावून द्या.

चोराला दार कोणतं दिसतं

इंटरनेटवर उघडलेलं प्रत्येक दार दिवसातून अनेकदा ठोठावलं जातं. ठोठावणारी माणसं नसून यंत्रं असतात, म्हणून ‘एटापल्लीतल्या माझ्या घरात कोण कशाला शिरेल’ हा युक्तिवाद फोल आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं क्यूनॅप कंपनीची, थेट इंटरनेटला जोडलेली घरगुती साठवण-यंत्रं जगभर कुलूपबंद केली आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांतला डेटा बाहेरून पुसला गेला. त्या यंत्रांना २०१५ नंतर अपडेटच मिळालं नव्हतं. दोन्हींतले बळी सामान्य घरं आणि छोटी दुकानं होती.

म्हणून नियम एकच, आणि तो पाळला तर बाकीचं निम्मं काम आपोआप होतं: राउटरवर पोर्ट उघडायचं नाही. बाहेरून सर्व्हर हवा असेल तर टेलस्केल वापरा, घरगुती वापराला ते मोफत आहे. सर्व्हरवर आणि घरच्यांच्या फोनवर एकदा बसवलं की त्या यंत्रांचं आपसात एक खासगी जाळं तयार होतं. वाटून दिलेल्या पत्त्यामागूनही ते चालतं, म्हणून स्थिर पत्त्याचे पैसे लागत नाहीत. ज्यांना तिसऱ्या कंपनीवर विसंबायचं नाही त्यांनी वायरगार्ड स्वतः बसवावं. त्यासाठी खरा पत्ता किंवा महिन्याला चार-पाचशेचा भाड्याचा सर्व्हर लागतो. होमस्टेचं जाहिरातीचं पान जगाला दाखवायचं असेल तर ते घरच्या सर्व्हरवर ठेवूच नका. वर्षाला दोन-तीन हजारांचं होस्टिंग घ्या, पाहुण्यांची ओळखपत्रं घरी आणि जाहिरात बाहेर.

आता आपल्याकडचं खरं भगदाड. सीसीटीव्ही बसवणारा येतो, ‘साहेब, मोबाइलवर बाहेरून दिसायला पाहिजे ना’ म्हणतो, आणि राउटरमध्ये डीव्हीआरसाठी दार उघडून जातो. डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या जाळ्यानं अशाच कारखानी पासवर्डवाल्या कॅमेरे-डीव्हीआरांची फौज उभी केली होती आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली होती. सर्व्हर कितीही बंदोबस्तात असला तरी त्याच घरगुती जाळ्यावर असा डीव्हीआर बसला असेल तर चोर आधीच घरात आहे. तेव्हा राउटरचं पान उघडा, पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी करा, यूपीएनपी बंद करा, राउटरचा आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला. कॅमेरे पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

जाणकारांसाठी दोन बारीक गोष्टी. यूएफडब्ल्यू लावून ‘सगळं बंद’ केलं म्हणजे सगळं बंद झालं असं धरू नका. डॉकर स्वतःचे नियम त्याच्याही आधी लिहितो, त्यामुळे डॉकरनं उघडलेलं दार यूएफडब्ल्यूच्या मनाईला जुमानत नाही. उपाय म्हणजे प्रोग्रॅमच्या पोर्टच्या ओळीत आधी १२७.०.०.१ लिहिणं, म्हणजे तो यंत्राबाहेर उघडतच नाही. आणि दुसरं, नव्या जोडण्यांवर आयपीव्ही६ येतं, त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरून दिसणारा पत्ता मिळू शकतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, हे बघून घ्या. दोन्हींची परीक्षा एकच: वायफाय आणि टेलस्केल बंद करून मोबाइल डेटावरून सर्व्हर उघडायचा प्रयत्न करा. उघडला नाही पाहिजे.

बाकी नेहमीचंच. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्लीची फाइल, रूटनं थेट प्रवेश बंद, सुरक्षेची अपडेट आपोआप. डिस्क कुलूपबंद करावी का, हा प्रश्न मात्र आपल्या भागात वेगळा सोडवावा लागतो. मुख्य डिस्क एन्क्रिप्ट केली तर प्रत्येक वेळी वीज आल्यावर कुणीतरी पासवर्ड टाकेपर्यंत सर्व्हर उठत नाही. तुम्ही नागपूरला आणि लाइट गेली आरमोरीत, की दोन दिवस सगळं ठप्प. माझं मत असं की जी डिस्क घराबाहेर जाते ती, म्हणजे बॅकअपची, नक्की कुलूपबंद करा. ओळखपत्रांसारखे कागद वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा. बाकीच्यासाठी दाराचं कुलूप पुरे.

शिरकाव झालाच तर? पंखा विनाकारण जोरात फिरतोय, प्रोसेसर शंभर टक्के, फायलींची नावं बदललेली. अशा वेळी आधी नेटची वायर काढा. खंडणी देऊ नका, दिल्यावर फायली मिळतातच असं नाही. पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर लगेच फोन करा, बाकी तक्रार केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. संसर्ग झालेलं यंत्र ‘साफ’ करण्यात वेळ घालवू नये. पुसून नव्यानं बसवायचं आणि बॅकअपमधून भरायचं.

दुसरी प्रत कुठे

बॅकअप नाही तर वरचं सगळं व्यर्थ आहे, हे सगळेच सांगतात. प्रश्न जागेचा आणि वेगाचा आहे. क्लाउडवर प्रत चढवायची तर १० एमबीपीएसच्या अपलोड वेगानं एक टेराबाइट जायला न थांबता नऊ दिवसांहून जास्त लागतात. फायबर असलेल्या चंद्रपूर, वरोरा, गडचिरोली शहरात ते जमेल, महिन्याला टेराबाइटमागे पाचशेच्या घरात खर्च येईल. रोजच्या मर्यादित डेटावर चालणाऱ्या गावात ते विसरा.

तिथे जुनी पद्धत चांगली: दोन टेराबाइटची दुसरी डिस्क, कुलूपबंद, नातेवाइकाकडे दुसऱ्या गावी. दर पोळ्याला आणि दर दिवाळीला येणंजाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करायची. एक जादा फेरी जूनच्या आधी. भामरागडचा रस्ता पर्लकोटेला पूर आला की तुटतो, त्यामुळे तिथल्या माणसानं पावसाळ्याआधीच प्रत आलापल्ली-अहेरीकडे पोचवलेली बरी. आणि प्रत घेतली यावर समाधान मानू नका, त्यातला एखादा जुना फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

शेवटी परवडतं का

दोन टेराबाइटच्या आत बसणाऱ्या कुटुंबाला सरळ सांगायचं तर नाही. गूगलचा दोन टेराबाइटचा वार्षिक दर ६,५०० रुपये, पाच वर्षांचे साडेबत्तीस हजार. घरच्या सर्व्हरचे तेवढ्याच काळात चाळीसच्या पुढे जातात, वर तुमचे रविवार वेगळे. चार-सहा टेराबाइट असलेला छायाचित्रकार मात्र तिसऱ्या वर्षापासून फायद्यात असतो. होमस्टे आणि ग्रामसभेचा हिशेब पैशांचा नाहीच. पाहुण्यांची ओळखपत्रं किंवा तेंदूच्या लिलावाचे कागद कुणाच्या ताब्यात असावेत, हा त्यांचा प्रश्न आहे.

आतल्या भागात, जिथे ४जी येतं-जातं, तिथे इंटरनेटला न जोडलेला सर्व्हर हीच उत्तम योजना. आश्रमशाळेत किंवा ग्रामसभेच्या खोलीत तोच मिनी पीसी आणि एक राउटर ठेवला की कागदपत्रं आणि किविक्स या प्रोग्रॅमवरचा अख्खा मराठी विकिपीडिया नेट नसताना सगळ्यांच्या फोनवर उघडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. ती जोडणी पुढेमागे आलीच तरी तिच्यावर पत्ता बहुधा वाटूनच मिळेल, म्हणजे वरचा टेलस्केलचा मार्ग तिथेही लागेल.

आणि हातात पंधरा हजारच असतील तर सर्व्हर घेऊ नका. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घ्या, घरातल्या सगळ्या फोनचे फोटो दोन्हींवर उतरवा, एक घरी ठेवा, एक दुसऱ्या गावी पाठवा. यंत्र पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल.